शर्तबद्ध मुक्तता : स्वतंत्रपूर आणि कलम 39

पूर्वीच्या औंध संस्थानाची राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात, तर त्याच संस्थानातील आटपाडी सांगली जिल्ह्यात मोडते. आटपाडीजवळ 1939 साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकीर्दीत, मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने, स्वतंत्रपूर ही बंद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. तेथे बंदी कुटुंबासह राहून शेती करीत. त्यांची राखण भिंतीऐवजी विश्वासावर सोपविलेली असे.

मादक द्रव्यांच्या गुन्ह्यांत हे तत्त्व अत्यंत मर्यादित रूपाने आढळते. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985 याचे कलम 39 केवळ व्यसनाधीन अपराध्यास, तेही सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील द्रव्याच्या गुन्ह्यापुरते, लागू आहे. त्याची संमती असल्यास न्यायालय तत्काळ शिक्षा न देता त्यास शासकीय वा शासनमान्य संस्थेत उपचारार्थ सोडू शकते. त्याने बंधपत्र लिहून द्यावयाचे, एक वर्षाच्या आत उपचाराच्या फलिताचा अहवाल सादर करावयाचा आणि दरम्यान अशा गुन्ह्यांपासून दूर राहावयाचे. अहवाल पाहून न्यायालय समज देऊन, अधिकाधिक तीन वर्षांच्या बंधपत्रावर त्याची मुक्तता करू शकते; अट मोडल्यास शिक्षेसाठी हजर व्हावे लागते.

परिवीक्षेत देखरेख अधिकाऱ्याकडे सोपविता येते. येथे अहवाल आणण्याचा भार अपराध्यावरच आहे. स्वतंत्रपुरातही भिस्त बंद्याच्या शब्दावरच होती. परंतु तो पाळण्यास शेत, कुटुंब व शेजार यांचा आधार होता. कलम अट घालते, आधार पुरवीत नाही. तो समाजानेच पुरवावयाचा आहे.