दुचाकीवरून लुंबिनी : घाई न करता करावयाच्या प्रवासाची तयारी

आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातून दरवर्षी कितीतरी उपासक-उपासिका बौद्ध स्थळांच्या सहलीला जातात. बसने किंवा रेल्वेने बारा-तेरा दिवसांत आठ-दहा स्थळे पाहून परत यायचे, असा या सहलींचा सर्वसाधारण नमुना आहे. ज्येष्ठांसाठी ही सोय चांगलीच आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु अशाच एका सहलीत आमच्या वस्तीतील एका वयोवृद्ध आजींना लुंबिनीत जेमतेम दीड तास मिळाला. चाळीस वर्षे मनात धरलेली जागा, आणि अशोकस्तंभासमोर त्या डोळे मिटून बसतात तोच बसचा हॉर्न वाजू लागला. त्या सहलीनंतर आमच्या भागातील काही तरुणांनी आणि नुकत्याच सेवानिवृत्त झालेल्या दोघा-तिघांनी विचारणा सुरू केली, की आपल्याच मोटारसायकलवर, आपल्या सवडीने, नेपाळपर्यंत जाता येईल काय? जाता येते. मात्र त्यासाठी घरी बसून जी तयारी करावी लागते तिची नीट माहिती सहसा कोणी देत नाही. ती येथे देत आहे.

प्रथम कधी जावे ते पाहू. पावसाळ्यात नेपाळच्या डोंगराळ रस्त्यांवर दरडी कोसळतात. जुलै २०२४ मध्ये नारायणघाट-मुग्लिन मार्गावर दोन बसगाड्या दरडीसोबत त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. डिसेंबरअखेर ते जानेवारी तराईत इतके दाट धुके असते की दहा हातांवरचा ट्रक दिसत नाही. वैशाख पौर्णिमेला लुंबिनीत जावे असे प्रत्येकाला वाटते, पण त्या दिवसांत तराईतील ऊन दुचाकीस्वाराला सोसवणारे नाही. राहतो तो आश्विन पौर्णिमेनंतरचा काळ. भिक्खूसंघाची रीतही हीच होती. वर्षावास एका ठिकाणी करायचा आणि तो संपला की चारिकेला निघायचे. शिवाय नेपाळातील दशैं हा मोठा सण याच पौर्णिमेला संपतो, त्यामुळे कार्यालये आणि दुकाने पुन्हा उघडलेली असतात. पुढे दिवाळीच्या सुमारास तिहार येतो. त्या चार-पाच दिवसांत सरकारी काम होणार नाही असे धरून चालावे. आश्विन पौर्णिमेला निघून ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर हजर राहायचे ठरविले तर साधारण चाळीस ते साठ दिवस हाती येतात. अधिक मास आलेल्या वर्षी दिवस कमी मिळतात, इतकेच.

आता मार्ग. कल्याण-पडघ्यावरून मुंबई-आग्रा महामार्गाला लागावे. नाशिक, धुळे, सेंधवा या वाटेने सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर महू येते. परमपूज्य बाबासाहेबांचे हे जन्मस्थान आपल्या वाटेवरच आहे, वाकडी वाट करावी लागत नाही. तेथून इंदूर, भोपाळ आणि सांची. सांचीला एक पूर्ण दिवस द्यावा, कारण तोरणांवरील शिल्पे उन्हाच्या तिरिपेत पाहायची असतात, दुपारी बाराला नव्हे. पुढे सागर, झाशी, कानपूर, लखनौ करीत श्रावस्ती. येथे जेतवनात भगवंतांनी सर्वाधिक वर्षावास केले. श्रावस्तीहून बलरामपूरमार्गे सिद्धार्थनगर जिल्ह्यात पिपरहवा लागते. येथील स्तूप १८९८ साली उकरला गेला आणि त्यात अस्थिकलश व रत्ने मिळाली. त्यांपैकी परदेशात राहिलेल्या रत्नांचा २०२५ साली हाँगकाँगमध्ये होऊ घातलेला लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती भारतात परत आली, हे वृत्तपत्रांतून आपण वाचलेच असेल. पिपरहव्याहून सोनौलीची सीमा एका दिवसाच्या आत गाठता येते. सीमेपर्यंत एकूण अठराशे किलोमीटरच्या आसपास अंतर होते.

दिवसाला दीडशे ते दोनशे किलोमीटर, याहून अधिक नको. तरुण मंडळी हसतील; चारशे-पाचशे किलोमीटर सहज होतात असे म्हणतील. होतातही. पण पहिले तीन दिवस होतात, चौथ्या दिवशी मनगट आणि कंबर बोलू लागते, आणि पाचव्या दिवशी झोपेच्या डुलकीत अपघात होतो. सकाळी सहाला निघावे, दुपारी दोनच्या आत मुक्कामी पोहोचावे, अंधारात गाडी चालवू नये, आणि आठवड्यात एक दिवस गाडी उभी ठेवावी. समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही, त्यामुळे परतताना तो डोक्यातून काढून टाकावा.

ज्यांना इतकी रजा मिळत नाही त्यांनी गाडी रेल्वेने पार्सल करून गोरखपूरला पाठवावी. कल्याणहून गोरखपूरच्या गाड्या आहेत. पार्सल कार्यालयात आठवडाभर आधी चौकशी करावी, टाकी पूर्ण रिकामी करावी, आरसे काढून ठेवावेत आणि गोणपाटाने गाडी नीट बांधून घ्यावी. गोरखपूर ते सोनौली ९५ किलोमीटर आहे. कुशीनगरही गोरखपूरहून ५० किलोमीटरच्या थोडेसे पुढे आहे. अशा रीतीने पंधरा दिवसांतही हा प्रवास न धावता होतो.

कागदपत्रांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रवास तेथेच अडतो. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. १९५० च्या करारापासून ही मोकळीक आहे. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्यावे. पुष्कळ लोक फक्त आधार कार्ड घेऊन निघतात. प्रौढ व्यक्तीसाठी ते पुरेसे मानून चालू नये. गाडीचे नोंदणी पुस्तक, वाहन परवाना, विमा आणि पीयूसी हे सारे मूळ स्वरूपात बरोबर हवे. मोबाइलमधील कागद आपल्याकडील पोलिसाला चालतो, पलीकडे चालेलच असे नाही. गाडी भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचे संमतिपत्र, आणि कर्जावर असेल तर वित्तसंस्थेचे पत्र जवळ असावे.

विम्याकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. आपली नेहमीची पॉलिसी भारताच्या हद्दीपुरतीच असते. थोडा जादा हप्ता भरला की विमा कंपनी तिचा भौगोलिक विस्तार नेपाळपर्यंत करून देते आणि तशी नोंद पॉलिसीवर घालते. निघण्यापूर्वी महिनाभर आधी हे काम करून घ्यावे. परक्या देशात कोणाला धक्का लागला तर गाडी आणि गाडीवाला दोघेही पोलीस ठाण्यात अडकतात. भरपाई खिशातून द्यायची वेळ आली तर घरचे दागिने जातात. आरोग्य विम्याचेही तेच. परदेशातील उपचार त्यात येतात काय, हे एजंटाच्या तोंडी शब्दावर न सोडता लेखी घ्यावे. काठमांडूला भारतीय दूतावास व वीरगंजला भारताचे महावाणिज्य दूतावास कार्यालय आहे. दोन्हींचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून घरी एक आणि पाकिटात एक ठेवावा.

सोनौलीला कमान ओलांडली की बेलहिया. येथील भन्सार कार्यालयात, म्हणजे जकात कार्यालयात, गाडी नेपाळात नेण्याचा परवाना घ्यावा लागतो. शुल्क दिवसाच्या हिशेबाने असते आणि दर बदलत असतात, म्हणून फलकावरचा दर स्वतः वाचावा. बाहेर दलाल घेरतात. अर्ज साधा आहे, त्यांची गरज नाही. दिवस मोजताना दोन-तीन जास्तच लिहावेत, कारण मुदत उलटली तर दंड भरावा लागतो. वर्षातून ठरावीक दिवसच परदेशी गाडी तेथे ठेवता येते, हेही विचारून घ्यावे. परतताना दुसऱ्या नाक्याने बाहेर पडायचे असेल तर ते अर्ज देतानाच सांगावे. पावतीवरची तारीख पाहून दचकू नये. तेथे विक्रम संवत चालतो, आपल्यापेक्षा सुमारे ५७ वर्षे पुढे. घड्याळ मात्र फक्त पंधरा मिनिटे पुढे करावे लागते.

पैशांचे पाहता, भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. शंभरपर्यंतच्या भारतीय नोटा सगळीकडे घेतात. त्यावरील नोटांवर डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने बंदी घातली होती आणि तेव्हापासून या नियमांत फेरफार होत आले आहेत, म्हणून शंभराच्याच नोटा नेणे शहाणपणाचे. काही दुकानांत आपले क्यूआरने पैसे देणे चालते, पण डोंगरात नेट नसते. मोबाइलसाठी भैरहव्यात ओळखपत्र दाखवून स्थानिक सिम घ्यावे.

भैरहव्याहून लुंबिनी २२ किलोमीटर. आता येथे गाडी उभी करावी आणि निदान तीन दिवस तिला किल्ली लावू नये. १९६७ साली संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट येथे आले आणि त्यांच्या पुढाकाराने लुंबिनीच्या विकासाचे काम उभे राहिले. जपानी वास्तुशास्त्रज्ञ केन्झो तांगे यांचा आराखडा १९७८ मध्ये मंजूर झाला. मधून कालवा, एका बाजूला थेरवादी देशांचे विहार, दुसऱ्या बाजूला महायानी. हे सारे चालत किंवा भाड्याच्या सायकलवर पाहावे. मायादेवी मंदिराशेजारचा अशोकस्तंभ १८९६ मध्ये उजेडात आला. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी आपण स्वतः येथे आलो, भगवंत येथे जन्मले, म्हणून या गावाचा कर कमी केला, असे सम्राटाने त्यावर कोरविले आहे. श्रद्धेने आलेला राजा प्रथम गावाचा कर कमी करतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. १९९७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. कोरियन विहारासारख्या काही विहारांत मुक्कामाची साधी सोय होते. तेथील जेवणाच्या वेळा व शांततेचे नियम पाळावेत, आणि दान देताना हात आखडू नये.

लुंबिनीहून तिलौराकोट तीसेक किलोमीटरच्या आतच आहे. तेथील तटबंदी व दरवाज्यांचे अवशेष शाक्यांच्या कपिलवस्तूचे, असे नेपाळातील अभ्यासक मानतात. भारतातील अनेक अभ्यासक पिपरहव्याचा पक्ष घेतात. आपण दोन्ही पाहिली असल्याने वाद स्वतः तपासता येतो.

येथून पुढचा डोंगरी भाग ज्याच्या-त्याच्या तब्येतीवर. बुटवलहून सिद्धार्थ राजमार्गाने पाल्पा-तानसेन, म्हणजे महाबळेश्वराइतकी उंची, आणि पुढे पोखरा. बुटवल सोडताच सिद्धबाबा नावाचा टप्पा लागतो. तो दगड कोसळण्यासाठी कुख्यात आहे. तेथे फोटोसाठी थांबू नये. पोखऱ्याहून पृथ्वी राजमार्गाने काठमांडू दोनशे किलोमीटर. काठमांडूत नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषद भरली होती, आणि बाबासाहेबांनी २० नोव्हेंबरला बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. परतीच्या वाटेवर सारनाथ, कुशीनगर पाहून ते ३० तारखेला दिल्लीस पोहोचले, आणि त्यानंतर आठवडाभरही ते आपल्यात राहिले नाहीत. देह इतका थकलेला असताना त्यांनी हा प्रवास का केला असेल, हे स्वयंभूच्या पायऱ्या चढताना मनात येते. काठमांडू खोऱ्यात २०१७ पासून विनाकारण हॉर्न वाजविण्यास बंदी आहे. आपल्या शिवाजी चौकातील सवय सीमेवरच सोडावी.

परतीला हेटौडा, वीरगंज, रक्सौल, मग केसरिया, वैशाली, बोधगया, सारनाथ, जबलपूर आणि नागपूरची दीक्षाभूमी. सर्व मिळून साडेचार ते पावणेपाच हजार किलोमीटर. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी गाडी असेल तर नव्वद-पंच्याण्णव लिटर पेट्रोल लागते. बाकी खर्च मुक्काम आणि जेवणाचा, तो आपल्या राहणीवर. दोघे बसणार असाल तर निदान सव्वाशे-दीडशे सीसीची गाडी हवी. एकट्याला शंभरची पुरते. नवी महागडी गाडी घेण्याची मुळीच गरज नाही. जी गाडी गल्लीतला मिस्त्री उघड्या डोळ्यांनी दुरुस्त करतो तीच लांबच्या प्रवासाला बरी. निघण्यापूर्वी चेन-स्प्रॉकेट, दोन्ही टायर आणि ब्रेक लायनर नवे बसवावेत. क्लच व अॅक्सिलरेटर केबल, प्लग, ट्यूब, फ्यूज बरोबर घ्यावे. सुटे भाग कंपनीचेच घ्या. ‘यूएसए’चा विनोद आपल्याला ठाऊक आहेच. पिशव्या मात्र उल्हासनगरच्या जीन्स शिवणाऱ्या कारागिरांकडून शिवून घ्याव्यात, दुकानातल्यापेक्षा टिकतात.

वीस-पंचवीस गाड्यांचा ताफा आणि झेंडे लावून जाण्याची कल्पना काहींनी मांडली होती. तिला माझा विरोध आहे. ताफ्यात सर्वांत वेगवान माणूस वेग ठरवितो आणि सर्वांत मागचा धडपडतो. तीन किंवा चार गाड्या, त्यांत एकाला पंक्चर काढता येणे आणि एकाला प्रथमोपचार येणे, इतके पुरे. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला व दोन महिन्यांची औषधे घ्यावीत. हृदयविकार असलेल्यांनी रेल्वेने यावे आणि लुंबिनीत भेटावे.

घरच्यांशी रोज रात्री ठरल्या वेळी बोलण्याचा नियम ठेवावा. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात अचानक उद्रेक झाला तेव्हा सीमेवरची वाहतूक थांबली आणि अनेक प्रवासी अडकून पडले. अशा वेळी फोन न आलेल्या घरात काय होते, हे सांगायला नको. म्हणून निघण्याच्या आठवड्यात बातम्या पाहाव्यात, चार दिवसांचा जादा खर्च वेगळ्या पाकिटात शिवून ठेवावा, आणि मार्गाचा तक्ता, गाडीचा क्रमांक व विम्याची प्रत पत्नीजवळ किंवा मुलांजवळ देऊन मगच गाडीला किक मारावी.