कुतूहल: रिसॉर्टच्या पगाराला सरकारचा हातभार कशाला?

ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळच्या रिसॉर्टांत हंगामात वेटर, आचारी कायम हवे असतात. तरी नवखा पोरगा घेताना मालक कचरतो. पगार पहिल्या दिवसापासून सुरू, काम मात्र हळूहळू जमणार. बंद पडलेल्या गाडीला सुरुवातीचाच धक्का हवा असतो, तसंच हे.

तो धक्का देते केंद्राची 'प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना'. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातल्या नव्या नोकरीसाठी मालकाला माणसामागे महिना ३,००० रुपयांपर्यंत मिळतात, दोन वर्षं. पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या कामगाराला १५,००० पर्यंत, तेही दोन हप्त्यांत: सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी. जुन्यालाच नवा दाखवायची सोय नाही. पन्नासहून कमी कामगार असतील तर किमान दोन माणसं जादा घ्यायची आणि सहा महिने टिकवायची. हिशेब पीएफच्या नोंदींवरून.

गोम इथंच आहे. ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. ऑक्टोबरात लागलेल्याचे जूनपर्यंत नऊ महिने भरतात, म्हणजे पहिला हप्ता पदरात. पावसाळ्यात घरी बसवलं, की दुसरा लटकू शकतो. भोवतीच्या बफरमधल्या सफारी चालू राहतात, तेवढाच आधार.

गडचिरोलीत अडचण वेगळीच. पीएफ कायदा साधारणपणे वीस कामगारांपासून सक्तीचा. भामरागडच्या किराणा दुकानात असतात मालक आणि फार तर त्याचा पुतण्या. म्हणजे पीएफवर बेतलेली ही योजना त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यांना मुद्रा कर्ज काढता येतं, पण ते फेडावं लागतं.