यंत्र बसवण्याआधी पाणी तपासा

गेल्या पावसाळ्यात गेवराई तालुक्यातील एक सेवानिवृत्त गुरुजी पत्नी, सून आणि तीन वर्षांचा नातू अशा तिघांना घेऊन दवाखान्यात आले. तिघांनाही जुलाब होत होते. नातवाचे डोळे खोल गेले होते, त्याला सलाईन लावावे लागले. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "पाणी कोणते पिता?" गुरुजी जरा अभिमानानेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पाण्याची शंका घेऊ नका. घरच्या बोअरला मशीन बसवली आहे. पस्तीस हजार मोजलेत."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जंतू तपासण्याची छोटी बाटली दिली. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचे आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास वाट पाहायची. पाणी काळे पडले तर त्यात मैल्याचा अंश आहे असे समजायचे. गुरुजींची बाटली रात्रीतूनच काळी झाली. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. बसवलेले यंत्र सॉफ्टनर होते. ते पाण्याचा जडपणा काढते, जंतू मारत नाही. आणि बोअरपासून वीस फुटांवर सेफ्टी टँक!

वाचकहो, यात गुरुजींचा दोष काय? त्यांची तक्रार होती डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो, अशी. विक्रेत्याने त्या तक्रारीवरचे औषध दिले. पण "आता पाणी शुद्ध झाले" असेही सांगितले, आणि घरच्यांनी पाणी उकळायचे सोडून दिले.

आपल्याकडे घरात वीजजोडणी घेताना परवानाधारक कंत्राटदाराचा दाखला लागतो. बोअर पाडणाऱ्या यंत्राच्या मालकाने नोंदणी करावी, अशी तरतूद 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात आहे. घरच्या विहिरीच्या पाण्यावर प्रक्रिया करून देणाऱ्यासाठी मात्र वीजवाल्यासारखा परवाना नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात या कामासाठी कंत्राटदाराचा वेगळा परवाना असतो. आपल्याकडे आर.ओ. यंत्रासाठी आय.एस. 16240 हे भारतीय मानक आहे, पण ते यंत्राचे आहे, बसवणाऱ्या माणसाचे नव्हे. म्हणून पारख आपल्यालाच करावी लागते.

विक्रेत्यांचा एक खेळ तर माझ्याच दवाखान्यात झाला. दोन पेल्यांत पाणी घेतले, एकात नळाचे, दुसऱ्यात त्यांच्या यंत्राचे. दोन्हींत विजेच्या सळया सोडल्या. नळाचे पाणी मिनिटभरात तांबूस, गढूळ झाले. कंपाउंडर घाबरला, खरे सांगायचे तर क्षणभर मीही चपापलो. नंतर लक्षात आले की तो रंग पाण्यातल्या घाणीचा नव्हे, सळईच्या लोखंडाचा आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून गंज सुटतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. टी.डी.एस. मीटरचेही तसेच. तो फक्त विरघळलेले क्षार मोजतो. मीटर 300 दाखवत असताना त्याच पाण्यात काविळीचे विषाणू असू शकतात.

तेव्हा पहिला खर्च यंत्रावर नको, तपासणीवर करावा. बीडला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करावी. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावा. जंतूंसाठी मात्र प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली घ्यावी आणि नमुना त्याच दिवशी, शक्यतो बर्फात ठेवून पोहोचवावा.

अहवालात चार आकडे पाहा. फ्लोराइड दर लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालते. नायट्रेट 45 च्या आत हवे. जडपणा 200 पर्यंत उत्तम, नाइलाजाने 600 पर्यंत. आणि मैल्याचे जंतू अजिबात नकोत. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत आपल्या जिल्ह्यातील काही विहिरींत नायट्रेट आणि फ्लोराइड मर्यादेबाहेर असल्याच्या नोंदी आहेत, म्हणून हे दोन आकडे सोडू नका. फ्लोराइडने मुलांचे दात डागाळतात, वर्षानुवर्षे प्याल्यास हाडे-सांधे आखडतात. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात बाटलीचे दूध कालवले तर सहा महिन्यांच्या आतील बाळ निळे पडू शकते. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. हे मी माता-भगिनींना मुद्दाम सांगतो.

आता यंत्र. फ्लोराइड, नायट्रेट किंवा क्षार फार असतील तर आर.ओ. उपयोगी. नुसते जंतू असतील आणि पाणी नितळ असेल तर अतिनील किरणांचे यंत्र पुरते. सॉफ्टनर धुण्या-आंघोळीला चांगला, पण तो जडपणाच्या बदल्यात सोडियम देतो. जडपणा 600 असेल तर मऊ केलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे 275 मिलिग्रॅम सोडियम येते. गुरुजींच्या पत्नीला रक्तदाब आहे आणि मीच त्यांना मीठ कमी करायला सांगितले होते!

बसवणाऱ्याला विचारा: अहवाल पाहून हे यंत्र सुचवता की न पाहता? न पाहता सुचवणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे. वर्षाला फिल्टर आणि पडदा बदलायचा खर्च किती, हे लेखी घ्या. आर.ओ. एक लिटर पाणी देताना किती लिटर बाहेर सोडते, तेही विचारा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावांत हा प्रश्न लहान नाही. ते पाणी फरशी-संडासाला वापरावे. पक्के बिल घ्या, आणि यंत्र बसल्यावरची तपासणी त्याच्या नव्हे, आपल्या प्रयोगशाळेत करून मगच शेवटचा हप्ता द्या.

उघड्या विहिरीत फक्त जंतूंचाच प्रश्न असेल तर यंत्राचीही गरज नाही. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना पाठ केलेले गणित सांगतो. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग 3.14 ने गुणून चारने भागा. तितके हजार लिटर पाणी. व्यास 4 मीटर, पाणी 3 मीटर, तर सुमारे 37,700 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर म्हणजे साधारण 95 ग्रॅम. ती बादलीत पाणी घालून कालवा, दहा मिनिटे निवळू द्या, वरचे निवळ तेवढे विहिरीत मिसळा. खालचा चुना टाकून द्या, त्याने जडपणा वाढतो. तासाभराने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओ.टी. चाचणी करून घ्या. पिवळा रंग आला नाही तर मात्रा कमी पडली. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते.

गुरुजींनी पुढे सेफ्टी टँक बोअरपासून पन्नास फुटांहून दूर हलवला. टाकीत रोज क्लोरीन टाकतात, पिण्याचे पाणी पुन्हा उकळतात. सॉफ्टनरचे पाणी आता फक्त न्हाणीघरात जाते. दिवाळीनंतर त्यांनी दुसरी बाटली भरून आणली होती. तिसऱ्या दिवशीही ती काळी झाली नव्हती. तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा एक भरा, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.