कॅमेऱ्यावर लक्ष कोणाचं?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलापुढे एक अडचण उभी राहिली. पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांतले रडारवाले तरुण होते, शिकलेले होते, कामाची निकड जाणणारे होते. तरीही पडद्यावर उमटलेले ठिपके त्यांच्या नजरेतून सुटत. केम्ब्रिजचे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी याचा छडा लावण्यासाठी एक घड्याळ बनवलं. त्याचा काटा एकेक टप्पा सरकायचा आणि क्वचित कधीतरी दोन टप्पे एकदम ओलांडायचा. ती उडी दिसली की कळ दाबायची, एवढंच काम. दोन तासांच्या बैठकीत पहिल्या अर्ध्या तासातच नजर सैल पडते, असं १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून पुढे आलं.

सोसायटीच्या केबिनमधला वॉचमन १६ चौकटींच्या पडद्यापुढे १२-१२ तास बसतो. मधेच फाटक उघडतो, पार्सल उतरवून घेतो, पाण्याचा पंप चालू करतो. चोरी झाल्यावर ‘हा काय करत होता?’ असं सगळे त्यालाच विचारतात. मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. जे काम माणसाच्या मेंदूला झेपतच नाही, ते आपण त्याच्यावर लादलेलं असतं. कॅमेरे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची गरज इथूनच सुरू होते.

हे सॉफ्टवेअर बघतं कसं? नेहमीच्या ‘फुल एचडी’ चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांहून जास्त बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा रंग म्हणजे काही आकडे. आधीच्या चित्राशी ताडून बघायचं आणि बरेच आकडे बदलले की हालचाल झाली म्हणायचं, ही सर्वांत सोपी रीत. पण वाऱ्यावर पिंपळ सळसळला तरी हजारो बिंदू बदलतात. १९९९ साली एमआयटीच्या ख्रिस स्टॉफर आणि एरिक ग्रिमसन यांनी यावर सुरेख तोडगा मांडला. प्रत्येक बिंदूनं स्वतःपुरते तीन ते पाच नेहमीचे रंग लक्षात ठेवायचे. एखाद्या बिंदूवर कधी पान येतं, कधी त्यामागचं आकाश. दोन्ही त्याच्या ओळखीचे. या यादीत न बसणारा रंग आला, तरच तो पाहुणा. आणि पाहुणा बराच वेळ तिथंच राहिला, तर हळूहळू तोही घरचा होतो. म्हणून दुपारी लावलेली गाडी संध्याकाळपर्यंत पार्श्वभूमीत जमा झालेली असते.

आपल्या पावसाळ्यात मात्र ही युक्तीही अपुरी पडते. रात्री कॅमेरा अवरक्त दिव्यांच्या उजेडात बघतो. भिंगासमोरून गेलेला किडा त्या उजेडात पांढराशुभ्र चमकतो आणि भिंगाच्या अगदी जवळ असल्यानं माणसाएवढा मोठा दिसतो. कोळ्यानं कॅमेऱ्याच्या तोंडावरच जाळं विणलं की रात्रभर हालचालच हालचाल. एका कॅमेऱ्यानं तासाला एकच खोटी सूचना दिली, तरी १६ कॅमेऱ्यांच्या दिवसाला ३८४ होतात. चार दिवसांत कोणीतरी वैतागून आवाज बंद करतं, आणि खरी सूचना आली तेव्हा फोन मुका असतो.

म्हणून हल्ली दोन पायऱ्या असतात: काही हललं का, आणि हललेलं काय आहे. दुसऱ्या प्रश्नावर मोठी मजल २००५ साली मारली गेली. फ्रान्समध्ये काम करणारे नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज यांनी चित्रातल्या कडांच्या दिशा मोजून उभा माणूस ओळखून दाखवला. गेल्या दहा-बारा वर्षांत ती जागा लाखो चित्रांवर शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कनं घेतली. ‘फ्रिगेट’सारखं मुक्त सॉफ्टवेअर आधी हालचाल झालेला तुकडा शोधतं आणि तेवढाच नेटवर्कपुढे ठेवतं. संगणकाचे कष्ट वाचतात आणि हललेलं मांजर की माणूस, हेही कळतं.

साठवणीचं गणित वेगळंच आहे. सेकंदाला २५ चित्रं जशीच्या तशी ठेवली, तर एकच कॅमेरा दिवसाला १३ टेराबाइटच्या वर जातो. २००३ साली आलेली एच.२६४ ही पद्धत अधूनमधून एखादं चित्र पूर्ण ठेवते आणि मधल्या चित्रांतला फक्त बदल नोंदवते. सेकंदाला ४ मेगाबिटच्या वेगानं तोच दिवस ४३ गिगाबाइटमध्ये मावतो. तरीही डिस्क भरतेच आणि जुन्यावर नवं चित्रण चढतं. घटना घडली की फुटेज त्याच दिवशी काढून ठेवायला हवं.

पासवर्डबाबत तर हयगय नकोच. २०१६ साली ‘मिराय’ या घातक प्रोग्रामनं जगभरातले लाखभराहून जास्त कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड तो एकेक करून वापरून बघत होता. त्याच ऑक्टोबरमध्ये या फौजेच्या हल्ल्यानं ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास लंगडत होत्या.

पण फुटेजचा खरा कस न्यायालयात लागतो, आणि त्यातला एक महत्त्वाचा खटला आपल्या जालन्याचा आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत विजयी उमेदवाराचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ च्या आत दिला गेला की नंतर, हा वाद होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते. त्यांच्या चित्रणाचा आधार घेऊन औरंगाबाद खंडपीठानं २०१७ साली ती निवड रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. चित्रणाची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र जोडावंच लागेल, असं न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं. मात्र इथं वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं, हे लक्षात घेऊन खंडपीठाचा निकाल कायम ठेवला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात फाइलचा ‘हॅश’ही नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलमधून गणितानं काढलेली आकड्या-अक्षरांची एक ओळ. एका चित्रातला एक बिंदू बदलला तरी ती ओळ पार बदलते, त्यामुळे प्रत काढल्यानंतर झालेली छेडछाड लपत नाही. पण रेकॉर्डरचं घड्याळच मुळात चुकीचं असेल, तर ती चुकीची वेळही हॅश तेवढ्याच इमानानं जपतो. जालन्यात सगळा वाद ३ वाजण्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्याचाच होता. बहुतेक रेकॉर्डर इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवून घेऊ शकतात. त्यासाठीची सोय सेटिंग्जमध्ये असते आणि ती चालू करायला पाच मिनिटंही लागत नाहीत.