इन्स्टॉलचं बटण कोणी दाबायचं

हिंजवडीत लक्ष्मी चौकाच्या अंगाला जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणारी छोटी दुकानं आहेत. राजीव गांधी इन्फोटेक पार्कातल्या कचेऱ्यांतून लॅपटॉप बिघडला म्हणून क्वचितच बाहेर पडतो. वॉरंटी संपते किंवा भाडेकरार संपतो आणि लॉटच्या लॉट बदलला जातो. त्यातला काही माल फिरत फिरत या दुकानांत येतो. झाकणावर ॲसेट नंबरचा स्टिकर खरवडल्याची खूण, स्पेसबारला डाव्या अंगठ्याच्या जागी आलेली चकाकी, बाकी मशीन ठणठणीत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि या मालाची किंमत एका फटक्यात बदलली. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, पण ती फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्यांपुरती. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. सातव्या पिढीचा आय-५, आठ जीबी रॅम, आत एसएसडी असं मशीन कॉलेजच्या पोराला अजून चार-पाच वर्षं आरामात पुरेल, पण अधिकृतरीत्या ते मोजदादीतून बाद. अशा मशिनांवर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकून देणारा एक दुकानदार माझ्या ओळखीचा आहे. मूळचा लातूरकडचा, आधी एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला होता. त्याची अट एकच: घेणाऱ्याने शेजारी बसायचं आणि इन्स्टॉल स्वतःच्या हाताने करायचं. गिऱ्हाइकाला घाई असली तरी तो ही अट सोडत नाही. ती का, हे त्याच्या टेबलाशेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

एके दिवशी मी तिथे असताना पार्काच्या फेज टूमधल्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला असलेले काका मुलीला घेऊन आले होते. मुलगी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या सेमिस्टरला. चौदा इंची काळा लॅपटॉप पसंत पडला, भाव ठरला. विंडोज नाही म्हटल्यावर काकांचा चेहरा बदलला.

"फुकट म्हणजे डुप्लिकेट का?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या असेंबल्ड कॉम्प्युटर 'विंडोज टाकून' मिळाला, आणि ते विंडोज बहुतेक वेळा क्रॅक केलेलं असायचं. फुकट आणि चोरीचं यांतला फरक कोणी दाखवलाच नाही. दुकानदार म्हणाला, "काका, क्रॅक मारलेलं ते डुप्लिकेट. हे बनवणाऱ्यांनीच लिहून दिलंय की घ्या, वाटा, उघडून बघा. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन आहे ना, त्याच्या पोटात पण लिनक्सचाच कर्नल आहे." जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला एकूण एक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. काका ज्या इमारतींची राखण करतात त्यांच्या आतले इंजिनिअरही दिवसभर लिनक्सच्याच सर्व्हरशी बोलत असतात. ती सिस्टीम गेटच्या अलीकडे मात्र फारशी आलेली नाही.

कामाची सुरुवात लॅपटॉपवर झालीच नाही. आधी दुकानाच्या कॉम्प्युटरवर मिंटची जवळजवळ तीन जीबीची आयएसओ फाइल उतरवलेली होती आणि तिची खात्री करायची होती. मिंटवाले फाइलसोबत तिची शा-२५६ बेरीज जाहीर करतात: चौसष्ट अक्षरांची ओळ, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. उतरवलेल्या फाइलची बेरीज आपल्या मशीनवर काढायची आणि दोन्ही ओळी जुळवायच्या. आत एक बिट जरी बदलला तरी सगळी ओळ बदलते. मुलीने कागदाची कड स्क्रीनला लावून चार-चार अक्षरं वाचली. कॉम्प्युटरला सांगितलं असतं तर त्याने क्षणात जुळवून दिलं असतं, पण दुकानदार म्हणाला, पहिल्यांदा डोळ्यांनी बघ. २० फेब्रुवारी २०१६ ला हल्लेखोरांनी मिंटच्याच संकेतस्थळात शिरून डाउनलोडची लिंक फिरवली होती आणि त्या दिवशी काही लोकांनी मागचं दार ठेवलेली फाइल घरी नेली. ज्यांनी बेरीज दुसऱ्या खात्रीच्या ठिकाणाशी ताडून पाहिली असती, त्यांना ती फाइल वेळीच ओळखता आली असती. या पायरीला पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी सगळ्यांत जास्त लोक हीच गाळतात.

मग पेनड्राइव्ह. आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. कॉपी केली तर ती पेनड्राइव्हवर एक निर्जीव फाइल म्हणून पडून राहते, मशीन तिच्यावरून सुरू होत नाही. तिच्यातला मजकूर ड्राइव्हवर पहिल्या बाइटपासून उतरवावा लागतो. त्यासाठी विंडोजवर रूफस, कुठेही बलेनाएचर, आणि लिनक्सच्या टर्मिनलवर 'डीडी' ही जुनी कमांड. डीडी विचारत काही नाही. कुठे लिहायचं ते अक्षर चुकलं, एसडीबीच्या जागी एसडीए पडलं, तर समोरच्या कॉम्प्युटरचीच डिस्क पुसली जाते. म्हणून दुकानदार आधी जोडलेल्या डिस्कची यादी काढतो, आकार बघतो, पेनड्राइव्ह उपसून पुन्हा यादी काढतो. जी ओळ नाहीशी झाली ती आपली.

ज्यांनी हे काम नव्वदच्या दशकात केलं त्यांना स्लॅकवेअर या लिनक्सच्या फ्लॉपींची चळत आठवेल. पुढे 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या. डायल-अपवर एवढी मोठी फाइल उतरवणं अशक्यच असल्याने त्या सीडी हातोहात फिरायच्या. २००४ मध्ये उबुंटू हे लिनक्स आलं, आणि पुढची काही वर्षं, २०११ पर्यंत, उबुंटूवाले जगात कुठेही टपालाने सीडी फुकट पाठवायचे. पुण्यात लिनक्स युजर्स ग्रुपची मंडळी होती, सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' हा मुक्त सॉफ्टवेअरचा मेळावा भरायचा. एकाने दुसऱ्याच्या शेजारी बसून सिस्टीम टाकून द्यायची, ही या कामाची जुनी रीत आहे. लक्ष्मी चौकातलं टेबल त्याच रीतीतलं.

लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावला. पॉवर दाबताच एफ१२ दाबत राहायचं. डेल-लेनोवोला साधारण हे बटण, एचपीला एफ९, आणि प्रत्येक कंपनीचा हट्ट वेगळा. बूट मेनू आला, पेनड्राइव्ह निवडला, मिंटचा हिरवा लोगो आला आणि मिनिटाभरात पूर्ण डेस्कटॉप समोर उभा राहिला. आतल्या डिस्कला अजून हातही लागलेला नव्हता. सगळी सिस्टीम पेनड्राइव्ह आणि रॅम यांच्यावरच चालत होती. बंद करून पेनड्राइव्ह काढला की मशीन होतं तसं. घेण्याआधी वापरून बघण्याची एवढी प्रामाणिक सोय मी दुसऱ्या कुठल्या वस्तूत पाहिलेली नाही. मुलीने वायफाय जोडलं, आवाज तपासला, कॅमेरा उघडला, ब्राइटनेसची बटणं दाबली, झाकण मिटून पुन्हा उघडलं. झोपलेलं मशीन जागं झालं. जे इथे चालतं ते इन्स्टॉल केल्यावर चालतं, आणि ज्याची खोड निघायची ती इथेच निघते. वायफायचा ड्रायव्हर नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करायचं आणि ड्रायव्हर उतरवून घ्यायचा.

खोड निघाली, ती वेगळीच. डिस्कची यादी काढली तर तिच्यात फक्त आमचा पेनड्राइव्ह. आतला एसएसडी गायब. काका म्हणाले, "डिस्क खराब दिली का?" दुकानदाराने मशीन बंद करून एफ२ ने बायोस उघडलं आणि मुलीला एक ओळ वाचायला लावली. डिस्कची पद्धत 'रेड'वर होती. ऑफिसच्या मशिनांत हे नेहमी आढळतं. त्या पद्धतीत इंटेलची व्यवस्था एनव्हीएमई एसएसडी स्वतःच्या आड घेते आणि लिनक्सला तो दिसत नाही. पद्धत 'एएचसीआय' केली की दिसतो. त्याने बोट ठेवून बजावलं, "आत विंडोज ठेवायचं असतं तर हे असं सरळ बदलायचं नाही. ते पुढच्या वेळी सुरूच होणार नाही. आपल्याला सगळं पुसायचंय म्हणून चालतंय." सिक्युअर बूट मात्र त्याने चालू ठेवलं. मिंटचा बूटलोडर मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून सुरू होतो, त्यामुळे ते बंद करायची गरज सहसा पडत नाही.

दुसऱ्या खेपेला एसएसडी यादीत आला. डेस्कटॉपवरचा इन्स्टॉलचा आयकॉन उघडला. भाषांच्या लांबलचक यादीत 'मराठी' होतं. मुलगी तिथे थांबली, वडिलांकडे पाहिलं आणि इंग्रजी निवडून पुढे गेली. कॉलेजात सगळं इंग्रजीत आहे, म्हणाली. कीबोर्डलाही दुकानदाराने इंग्रजीच ठेवायला सांगितलं, आणि त्याचं कारण व्यवहारी आहे: पासवर्ड ठरवताना मराठी लेआउट चालू राहिला, तर पुढे लॉगिनला आपण नेमकं काय टाइप केलं होतं तेच कळत नाही. मराठी नंतर जोडता येतं.

मग तो पडदा आला ज्यासाठी ही सगळी अट आहे. डिस्क पूर्ण पुसायची, की जुन्या सिस्टीमशेजारी जागा करायची, की विभाग स्वतः पाडायचे? दुकानदाराने खुर्ची मागे सरकवली. "डिस्कवर कोणाचं काही आहे का?" मुलीने नाही म्हटलं. "तुला कसं माहीत?" त्याने पुन्हा लाइव्ह सिस्टीममधून एसएसडी उघडून दाखवायला लावला. कंपनीने पुसून दिलेला, रिकामा होता. मग विभाग स्वतः पाडायचं ठरलं: सुरुवातीला पाचशे बारा एमबीचा ईएफआय विभाग, ज्यातून मशीन सुरू होतं, त्यापुढे सिस्टीमसाठी साठ जीबी, उरलेली सगळी जागा 'होम'ला, म्हणजे तिच्या फाइलींना. होम वेगळं ठेवलं की पुढे कधी सिस्टीम बिघडली किंवा दुसरी टाकावीशी वाटली, तर तो विभाग फॉरमॅट न करता नवी सिस्टीम टाकता येते आणि जर्नल, फोटो, प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. आकडे तिने स्वतः भरले. बदल आता डिस्कवर लिहिले जातील, अशी सूचना आली. दुकानदाराचा हात माउसजवळही नव्हता.

"दाबू?"

"लॅपटॉप तुझाय. तू ठरव."

मला वाटतं, या धंद्यातली खरी सचोटी इथे आहे. बटण त्याने दाबलं असतं तरी सिस्टीम तीच आली असती. पण मग विभाग कुठले, पासवर्ड कोणी ठरवला, काय पुसलं गेलं, हे मुलीला कायम परक्याने सांगितलेलं राहिलं असतं. ऑफिसात मिळालेल्या लॅपटॉपवर आपण वर्षानुवर्षं काम करतो आणि त्याच्या आत काय आहे हे ठरवणारा माणूस कोणत्या तरी मजल्यावर बसलेला असतो. विकत घेतलेल्या मशीनवरही आपण तसेच पाहुण्यासारखे राहतो. ही मुलगी तशी राहणार नाही.

तिने दाबलं. टाइम झोनच्या नकाशावर कोलकात्याचा ठिपका आला, भारतभरासाठी तोच. नाव, पासवर्ड भरला. फाइली उतरायला दहा-बारा मिनिटं लागली, आणि त्यात बघण्यासारखं काही नसतं. काका चहा सांगून आले. शेवटी पेनड्राइव्ह काढून एंटर दाबायचा निरोप आला, मशीन पुन्हा सुरू झालं आणि लॉगिनच्या पडद्यावर तिचं नाव होतं.

त्यानंतर दुकानदाराने सगळे अपडेट लावायला घेतले आणि टाइमशिफ्टवर सिस्टीमची पहिली नोंद करून ठेवली, म्हणजे पुढे काही बिघडलं तर मागे फिरता येईल. मराठी कीबोर्ड जोडला आणि तिला 'दुसऱ्या', 'ॲप', 'बाळ' असे शब्द लिहायला लावले. अर्धा र नीट पडतो का, ॲ तुटतो का, हे बघायला. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्येच आलं, जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसतो. इथे सगळं नीट उमटलं. जे जमणार नाही तेही त्याने झाकून ठेवलं नाही. ऑटोकॅड लागलं तर इथे चालणार नाही, टॅली सरळ चालणार नाही. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली सरकारी फाइल आली तर तो फॉन्ट असल्याशिवाय वाचता येणार नाही. वर्डच्या फाइली लिबरऑफिसमध्ये उघडतात, पण कोष्टकं कधी कधी सरकतात, म्हणून कॉलेजात देताना पीडीएफ करून दे.

मुलीला एकच बघायचं होतं, सीचा प्रोग्रॅम चालतो का. त्याने जीसीसी आणि बाकीची अवजारं घालून दिली. तिने प्रॅक्टिकलच्या वहीतला प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवला आणि कंपाइल केला. पहिल्याच फटक्यात चूक: 'कोनिओ डॉट एच' नावाची फाइल सापडत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी आहे आणि ही फाइल त्या डॉसच्या जमान्यातली. दुकानदाराने उत्तर दिलं नाही, कोणत्या ओळींना ती फाइल लागते ते शोध म्हणाला. तिने वरची ओळ खोडली, स्क्रीन पुसणारी ओळ खोडली, शेवटची गेटसीएचची ओळ खोडताना थांबली.

"ही काढली तर आउटपुट दिसायच्या आत खिडकी बंद होईल ना?"

"टर्मिनल बंद होत नाही. काढून बघ."

तिने काढली. 'व्हॉइड मेन'चं 'इंट मेन' केलं, तळाशी रिटर्न झिरो लिहिलं आणि पुन्हा चालवलं. एक ते दहाचा पाढा खाली ओळीने उमटला. वहीत त्या प्रोग्रॅमशेजारी तिने पेन्सिलने दोन्ही रूपं लिहून घेतली, एक लॅबसाठी आणि एक घरच्या मशीनसाठी.