तिरप्या अक्षरांतील अंतर आणि गणिती मजकुराची जुळणी

लेखी भाषेचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष अक्षरांकडे जाते; अक्षरांमधील कोऱ्या जागेकडे सहसा जात नाही. वस्तुतः ही कोरी जागाही वाचकाला माहिती पुरवीत असते. एक शब्द कोठे संपतो हे तीच सांगते, आणि गणिती मजकुरात दोन चिन्हांचा परस्परसंबंध कोणता हेही पुष्कळ अंशी तिच्यावरूनच उमगते. भाषाशास्त्रीय प्रबंधांत तिरप्या टाइपातील उदाहरणे व सूत्रे एकाच पृष्ठावर येत असल्यामुळे या जागेचे नियमन कोणत्या तत्त्वावर होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. रोमन लिपीतील तिरपे अक्षर कधी शब्दाचा घटक असते, तर कधी स्वतंत्र चिन्ह असते. त्याच्या भोवतीचे अंतर या भूमिकेवरून ठरते.

प्रथम धातूच्या खिळ्यांचा विचार करू. प्रत्येक खिळ्याला आयताकृती अंग असते आणि त्याच्या माथ्यावर अक्षराचा चेहरा कोरलेला असतो. चेहरा अंगात मावला तर अडचण नसते. परंतु रोमन लिपीतील तिरपा ‘एफ’ माथ्याशी उजवीकडे वळतो आणि त्याचे टोक अंगाबाहेर येते. या बाहेर आलेल्या भागास ‘कर्न’ म्हणत. हा शब्द कोपरा या अर्थाच्या एका फ्रेंच शब्दापासून आला आहे. पुढे त्याचा अर्थ पालटला, आणि आज दोन विशिष्ट अक्षरांमधील अंतर कमीअधिक करणे या क्रियेस ‘कर्निंग’ म्हणतात. ‘एफ’पुढे उंच अक्षर आले की बाहेर आलेले टोक त्यावर आपटून मोडण्याचा संभव असे, म्हणून ‘एफ’ व ‘आय’ यांचा एकत्रित जोडखिळा ओतीत. देवनागरीच्या जुन्या छापखान्यांतील जुळाऱ्यांनाही ही अडचण अपरिचित नव्हती. शेजारच्या खिळ्यावर टेकलेल्या मात्रा व रफार मोडल्याच्या खुणा जुन्या पुस्तकांत दिसतात.

संगणकीय जुळणीत धातू उरला नाही, तरी आयताची कल्पना टिकून राहिली. प्रत्येक अक्षराला एक ठराविक रुंदी नेमलेली असते आणि पुढील अक्षर त्या रुंदीच्या शेवटी सुरू होते. यावर दोन प्रकारच्या दुरुस्त्या केल्या जातात. पहिली जोडीची: मोठ्या लिपीतील ‘ए’ व ‘व्ही’ शेजारी आले तर त्यांच्या उतरत्या बाजूंमध्ये पोकळी दिसते, म्हणून ती दोन अक्षरे जवळ ओढतात. दुसरी कलाची: तिरप्या अक्षराचा माथा आपल्या रुंदीबाहेर जितका झुकतो, साधारण तितके अंतर त्याच्यापुढे वाढवितात. पहिली दुरुस्ती दोन अक्षरांच्या संबंधातून उद्भवते. दुसरी त्या एका अक्षराचाच गुण म्हणून नोंदलेली असते.

कलाची दुरुस्ती शब्दाच्या पोटात करावी लागत नाही. तिरप्या शब्दातील सर्व अक्षरे एकाच दिशेने झुकलेली असल्यामुळे ती परस्परांना जागा देतात. अडचण सीमेवर येते. इंग्रजीतील ‘इफ’ हा शब्द तिरप्या टाइपात दिला आणि लगेच सरळ टाइपातील कंस किंवा अवतरणचिन्ह आले, तर ‘एफ’चे टोक त्यास भिडते. पुढे स्वल्पविराम किंवा पूर्णविराम असेल तर मात्र अंतर वाढविणे इष्ट नसते. ही चिन्हे ओळीच्या तळाशी असल्याने टक्कर होत नाही, उलट वाढविलेली जागा डोळ्यांत खुपते. असा सांधा तिरप्या टाइपाइतकाच जुना आहे. व्हेनिस येथील आल्डुस मानुटियुस याने १५०१ मध्ये फ्रान्चेस्को ग्रिफो याने कोरलेल्या तिरप्या टाइपात व्हर्जिलचे काव्य छापले, त्यातही मोठ्या लिपीतील अक्षरे सरळच होती.

गणिती मजकुरात ही सीमा प्रत्येक अक्षरापाशी येते. इंग्रजीतील ‘इफेक्ट’ हा शब्द सहा अक्षरांनी लिहिला जातो. तो तिरप्या टाइपात शब्द म्हणून जुळविला तर दोन्ही ‘एफ’ जवळ येतात, क्वचित जोडलेही जातात. तीच सहा अक्षरे सूत्रात आली तर तो सहा राशींचा गुणाकार होतो आणि प्रत्येक अक्षर सुटे दिसावे लागते. वेदपठणाच्या परंपरेतील उपमा वापरावयाची तर शब्द हा संहितापाठ होय, सूत्र हा पदपाठ. म्हणूनच ‘साइन’, ‘लॉग’ इत्यादी फलनांची नावे सूत्रातही सरळ टाइपात छापण्याचा प्रघात आहे. ती तिरपी छापली तर राशींचा गुणाकार म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो.

हा भेद यंत्राला समजेल अशा रीतीने मांडण्याचे मोठे श्रेय डोनाल्ड क्नूथ यांना जाते. आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून असमाधान वाटल्यामुळे त्यांनी १९७७ मध्ये ‘टेक’ ही जुळणीची प्रणाली रचण्यास प्रारंभ केला. तीत मजकुराचा तिरपा टाइप व गणिताचा तिरपा टाइप हे निराळे आहेत. गणिताच्या टाइपात अक्षरे किंचित रुंद असून कलाची दुरुस्ती आपोआप होते. घातांकाच्या बाबतीत ही दुरुस्ती विशेष उपयोगी पडते: ‘एफ’चा घात दोन छापताना वरचा दोन उजवीकडे सरकवावा लागतो, परंतु पायाशी येणारा निर्देशांक अक्षराच्या कलाखालीच बसतो, त्यास तेथून हलविले तर तो तुटलेला दिसतो. पुढे २००१ मध्ये युनिकोडनेही गणिती तिरप्या अक्षरांना स्वतंत्र संकेतांक दिले.

अक्षरांनंतर चिन्हांचा प्रश्न येतो. ‘टेक’मध्ये ‘एम’ या मापाचे १८ भाग कल्पून समतेसारख्या संबंधचिन्हाच्या दोन्ही बाजूंस ५, अधिक-वजासारख्या क्रियाचिन्हाच्या दोन्ही बाजूंस ४, आणि ‘लॉग’सारखे नाव व त्यापुढील राशी यांमध्ये ३ भाग अंतर ठेवले जाते. १० पॉइंटांच्या टाइपात ही अंतरे अनुक्रमे सुमारे २.८, २.२ व १.७ पॉइंट भरतात. फरक अल्प असला तरी त्यामुळे समीकरणाच्या दोन बाजू प्रथम, आणि त्या बाजूंतील पदे नंतर, अशी वाक्यरचना नजरेस पडते. मराठी बोलण्यात ‘ऋण पाच’ आणि ‘सातातून वजा पाच’ यांसाठी दोन शब्द आहेत. लेखनात चिन्ह एकच आहे. दोन्ही बाजूंस अंतर असले तर ते चिन्ह ‘वजा’ असे वाचले जाते, अंकाला चिकटले तर ‘ऋण’ असे. म्हणजे बोलीत जो भेद शब्द करतात, तो छपाईत कोरी जागा करते.

देवनागरीत तिरप्या टाइपाची तशी परंपरा नाही. मराठी गणिताच्या पुस्तकांत ‘क्ष’ व ‘य’ सरळच छापले जात. त्यामुळे येथे अंतराची जबाबदारी वाढते, कारण राशी आणि शब्द यांना वेगळे दाखविणारा कल उपलब्ध नसतो. ‘म’ व ‘न’ या दोन राशींचा गुणाकार शिरोरेषा जोडून छापला तर वाचकाला ‘मन’ हा शब्द दिसेल. शिरोरेषा तुटेल इतके अंतर तेथे ठेवलेच पाहिजे. मात्र ते दोन शब्दांमधील अंतराइतके मोठे होता कामा नये, अन्यथा ती दोन राशींची यादी भासेल.

यावरून प्रबंधलेखकाने काय करावे हे निश्चित होते. सूत्रातील अक्षरे मजकुराचा टाइप तिरपा करून मिळवू नयेत. ती सूत्रांसाठी असलेल्या साधनानेच जुळवावीत. तिरप्या उदाहरणापुढे कंस किंवा अवतरणचिन्ह आले असल्यास तो सांधा मुद्रितात स्वतंत्रपणे तपासावा. वजाचे चिन्ह, घातांक आणि फलनांची नावे यांवरून एकदा निराळी नजर फिरवावी. मुद्रितशोधक शुद्धलेखनाची चूक ओळखू शकतो. परंतु दोन अक्षरे शब्द म्हणून आली आहेत की राशी म्हणून, हे पुष्कळदा लेखकालाच ठाऊक असते, आणि तेथील अंतर अंतिमतः त्यानेच ठरवावे लागते.