बंबाला सुट्टी!

बालमित्रांनो, तुमच्या घरी आंघोळीचं पाणी कोण तापवतं?

आमच्या जळकोटला हिवाळ्यात पहाटे अजूनही काही घरांपुढं बंबाचा धूर दिसतो. बंबात तुराट्या आणि गोवऱ्या जळत असतात. माझ्या वर्गातली एक मुलगी थंडीत रोज प्रार्थनेला उशिरा यायची. डोळे लाल झालेले. विचारलं, तर म्हणाली, "गुरुजी, घरात सहा माणसं. सगळ्यांचं पाणी तापवल्यावरच मला निघता येतं."

मग आम्ही फळ्यावर गणितच मांडलं. माणशी एक बादली, म्हणजे १५ लिटर. सहा जणांचं झालं ९० लिटर. हे पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला १८०० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटातून मिळते ८६०. म्हणजे रोज दोन युनिटांहून जास्त वीज! नाहीतर तेवढी लाकडं आणि धूर.

हीच उष्णता सूर्य फुकट देतो. गच्चीवरच्या सौरबंबात ६० अंशांचं पाणी मिळालं, तर त्यात तेवढंच गार पाणी मिसळायचं. म्हणजे ४५ लिटर कढत पाण्यात सहा जणांचं भागतं. १०० लिटरची टाकी पुरून उरते.

आता गंमत बघा हं. या बंबाला पंप लागत नाही. पाणी तापलं की हलकं होऊन वर चढतं, गार पाणी जड म्हणून खाली उतरतं. म्हणून काळ्या थराच्या काचेच्या नळ्या खाली, गरम पाण्याची टाकी त्यांच्या वर आणि गार पाण्याची टाकी त्याहून उंच ठेवतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, म्हणून नळ्यांचं तोंड दक्षिणेला. टाकीभोवती उष्णता धरून ठेवणारं जाड आवरण असतं. त्यामुळं कालच्या उन्हाचं पाणी दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, सूर्य उगवायच्या आधीच मिळतं!

पण दोन गोष्टी आधी बघाव्या लागतात. बोअरचं पाणी जड असेल, तर आत पांढरा क्षार साचतो. तो वेळोवेळी काढावा लागतो. आणि पावसाळ्यात ढग आले की जुना बंब हवाच. विजेची कॉईल वापरत असाल, तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोटसुद्धा घालू नका.

घरी करून बघा: सारखे दोन डबे घ्या. एक काळा रंगवा, एक पांढरा. दोन्हींत सारखं पाणी घालून दुपारी दोन तास उन्हात ठेवा. मग हात लावून सांगा, कुठलं जास्त तापलं?

त्या मुलीच्या घरी सौरबंब अजून आलेला नाही. खर्च मोठा आहे. पण तिनं फळ्यावरचं गणित घरी सांगितलं. आता एक दिवसाआड तिचा भाऊ बंब पेटवतो. ती प्रार्थनेला वेळेवर येते.

तुमच्या घरी उद्या कोणाची पाळी?